पाच कोटी म्हणजे महिन्याला किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याचे वडील एसटीत मेकॅनिक, वय ५४, हातात पगार ४० हजार. त्यांनी घेतलेल्या लॉटरीच्या बंपर तिकिटाला ५ कोटींचं बक्षीस लागलंय. घरात आई, प्रश्न विचारणारा मुलगा आणि लग्नाची धाकटी बहीण. बातमी अजून या चौघांपलीकडे गेलेली नाही. बाबांनी दोन रात्री जागून बेत केलाय: राजीनामा द्यायचा, गावाकडे ८० लाखांचा बंगला, दोन्ही काकांना पन्नास-पन्नास लाख, बहिणीच्या लग्नाला २५ लाख, २० लाखांची गाडी, "आणि उरलेल्या पावणेतीन कोटींच्या व्याजावर आयुष्य निघेल." मुलाने विचारलंय की टॅक्स किती जाईल, पैसे कुठे ठेवायचे आणि काकांच्या बाबतीत काय करायचं.

मी कोपरगावात सत्तावीस वर्षं सीए म्हणून काम करतो. लॉटरी लागलेले अशील एवढ्या वर्षांत चारच आले. पण अचानक मोठा पैसा आलेली घरं मी खूप जवळून पाहिली आहेत, कारण समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून गेला. २०१७ पासून थेट खरेदीने जमिनी घेतल्या गेल्या आणि ज्या घरात उसाच्या बिलाची वाट पाहिली जायची, त्या घराच्या खात्यात एका दिवसात कोटभर रुपये जमा झाले. कोणाचं बस्तान बसलं आणि कोणाच्या हातातून सगळं निसटलं, हे मी त्यांच्या पासबुकांत वर्षानुवर्षं पाहत आलो. खाली लिहिलंय ते त्या अनुभवातून.

आधी तातडीचं, म्हणजे तिकीट. ते कागदाचं आहे आणि ज्याच्या हातात ते त्याचं बक्षीस, अशीच बाहेर समजूत असते. बाबांनी आजच तिकिटाच्या मागे नाव, पत्ता लिहून सही करावी. दोन्ही बाजूंचे फोटो आणि झेरॉक्स काढा. लॅमिनेट करू नका, घडी घालू नका, लॉकरमध्ये ठेवा. मालिका आणि क्रमांक अधिकृत निकालपत्राशी स्वतः ताडून बघा, विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका. मागच्या अटी अक्षर अन् अक्षर वाचा, कारण दावा करायची मुदत तिथे असते. केरळच्या लॉटरीत ती ३० दिवसांची आहे. १९९८ च्या लॉटरी कायद्यानुसार मुदतीत न मागितलेलं बक्षीस त्या राज्य सरकारचं होतं, मग रडून उपयोग नसतो. पॅन, आधार आणि बँक खात्यावरचं नाव तंतोतंत एकच आहे ना, हेही आत्ताच बघा. "पांडुरंग" आणि "पांडूरंग" यात माझ्या एका अशिलाचे सात आठवडे गेले होते.

तिकीट बाबांनी स्वतः विकत घेतलेलं आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मी खात्रीने बोलतोय. न घेतलेल्या तिकिटाला बक्षीस लागल्याचा मेसेज मोबाइलवर आला असता आणि आधी "प्रोसेसिंग फी" भरायला सांगितली असती, तर ती निव्वळ फसवणूक. तिथे सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर फोन करणं एवढंच काम.

आता एक गोष्ट जी तुम्हाला कोणी सांगणार नाही. बातमी फुटली की एखादा माणूस घरी येईल, बहुधा ओळखीच्या कोणाला तरी घेऊन. तो म्हणेल, टॅक्स जाऊन तुम्हाला तीन कोटी मिळणार, मी साडेतीन देतो, रोख, तिकीट मला द्या. त्याच्याकडे काळा पैसा असतो आणि तुमच्या तिकिटावर तो पांढरा करायचा असतो. माझ्याकडे असा एक अशील तिकीट देऊन झाल्यावर सल्ला विचारायला आला होता. रोख पैशांची पोती घरात होती आणि त्यांचं करायचं काय हे त्याला कळत नव्हतं. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घेतली की घेतली तेवढाच दंड होतो, आणि हे प्रकरण काळा पैसा फिरवल्याच्या गुन्ह्यापर्यंत जाऊ शकतं. तो माणूस दारात आला तर चहासुद्धा देऊ नका.

आता टॅक्स. तुमचा खरा प्रश्न मला इथेच दिसतो. पैसे कुठे गुंतवायचे हा पुढचा भाग झाला. बाबांच्या डोक्यात ५ कोटी हा आकडा पक्का बसलाय, त्यांचे सगळे बेत त्याच आकड्यावर उभे आहेत, आणि तो आकडा त्यांच्या हातात कधीच येणार नाही.

लॉटरीच्या उत्पन्नावर सरळ ३० टक्के कर आहे. १९६१ च्या कायद्यात तो कलम ११५बीबी खाली होता. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तत्त्व तेच. या उत्पन्नाला करमुक्त मर्यादा लागत नाही, तिकिटांवर आजवर घातलेला खर्च वजा होत नाही, विमा किंवा देणगी दाखवून कर कमी होत नाही. बाबांना साईबाबा संस्थानला किंवा गावच्या शाळेला काही द्यायचं असेल तर मनापासून द्यावं, पण त्याने या रकमेवरचा कर एक रुपयाने घटणार नाही.

५ कोटींवर ३० टक्के म्हणजे दीड कोटी. तेवढा टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा कर, वजा होऊन खात्यात साडेतीन कोटी येतील (काही राज्यांत, जसं केरळमध्ये, विक्रेत्याचं कमिशनही बक्षिसातूनच जातं, तेव्हा तुमच्या तिकिटाची अट बघा). इथे बहुतेक जण समजतात की कर कापला गेला, आता उरलेलं सगळं आपलं. तसं नाही. टीडीएस कापताना अधिभार आणि उपकर धरलेला नसतो, तो नंतर आपण भरायचा असतो. उत्पन्न २ कोटींच्या वर गेलं की करावर २५ टक्के अधिभार, म्हणजे साडेसदतीस लाख. मग कर आणि अधिभार मिळून होणाऱ्या १ कोटी ८७ लाख ५० हजारांवर ४ टक्के उपकर, म्हणजे साडेसात लाख. एकूण कर १ कोटी ९५ लाख. कापला गेला दीड कोटी. उरलेले ४५ लाख बाबांनी भरायचे आहेत, आणि पगारामुळे ही रक्कम किंचित वाढेल. हा हिशेब नव्या कर पद्धतीचा आहे. जुन्या पद्धतीत एकूण उत्पन्न ५ कोटींच्या पुढे गेलं की अधिभाराचा दर ३७ टक्के होतो, म्हणून त्या वाटेला जाऊ नका.

म्हणजे खरोखर बाबांचे झाले ते ३ कोटी ५ लाख.

साधारण दहा वर्षांपूर्वी दीड कोटीचं बक्षीस लागलेले एक गृहस्थ माझ्याकडे जुलैत आले होते, रिटर्न भरायला. ४५ लाख टीडीएस गेला होता. बँकेतल्या कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, "टॅक्स कट झालाय काका, बिनधास्त वापरा." त्यांनी दोन फ्लॅट घेतले, मुलाला दुकान टाकून दिलं. आजच्या दराने त्या रकमेवर अधिभार आणि उपकराचे पावणेनऊ लाखांहून जास्त होतात, त्यांचेही साधारण तेवढेच झाले होते, वर व्याज. खात्यात ६० हजार होते. दुकानातला माल मोडीत विकून त्यांनी कर भरला. म्हणून पैसे खात्यात आले की त्याच आठवड्यात ४५ लाखांचा अॅडव्हान्स टॅक्स (वर्ष संपायच्या आत हप्त्यांनी भरायचा कर) चलनाने भरून टाका, पावती फाईलला लावा. बक्षीस कधीही लागलं तरी ते लागल्यानंतर जे हप्ते उरलेत त्यांत कर भरला, तर आधीच्या हप्त्यांना उशीर झाल्याचं व्याज लागत नाही. १५ मार्चनंतर लागलं असेल तर ३१ मार्चच्या आत भरा.

आता वरच्या ३ कोटी ५ लाखांवर बाबांचा बेत लावून बघू. काकांना १ कोटी, बंगला ८० लाख, लग्न २५, गाडी २०. सव्वादोन कोटी गेले. उरले ८० लाख. बाबांना वाटतंय पावणेतीन कोटी उरतील, आणि उरणार आहेत ८० लाख.

त्या ८० लाखांवर घर चालेल का? मी अशिलांना कायम सांगतो की मोठी रक्कम कोटीत मोजू नका, महिन्यात मोजा. मुद्दल खरोखर टिकवायचं असेल, म्हणजे महागाईच्या मानाने टिकवायचं असेल, तर वर्षाला साधारण ४ टक्क्यांच्या वर काढू नये. तुम्ही म्हणाल, एफडीवर सात टक्के मिळतात. मिळतात, पण त्यावर कर आहे, आणि उरलेलं सगळं व्याज खाऊन टाकलं तर मुद्दल जिथल्या तिथे राहतं. महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत त्या मुद्दलाची किंमत निम्मी होते. बाबा ५४ चे आहेत, आई त्याहून लहान असणार. तुम्हाला तीस-पस्तीस वर्षांचा विचार करायचाय. ४ टक्के हा माझा ठोकताळा आहे, शास्त्र नव्हे. घरात आजारपण असेल किंवा दुसरी कमाई नसेल तर मी साडेतीनवर येतो.

८० लाखांचे ४ टक्के म्हणजे वर्षाला ३ लाख २० हजार, महिन्याला साडेसव्वीस हजार. नोकरी सोडून, लॉटरी लागून, बाबांचं मासिक उत्पन्न ४० हजारांवरून साडेसव्वीस हजारांवर येणार, आणि वर बंगल्याचा आणि मोठ्या गाडीचा खर्च. उलट ३ कोटी ५ लाख जसेच्या तसे राहिले तर महिन्याला लाखभर रुपये, महागाईबरोबर वाढत जाणारे, आईबाबांच्या दोघांच्या हयातीपर्यंत. पाच कोटी म्हणजे हे. एका चांगल्या नोकरीचा पगार, जो कधी थांबत नाही. फार मोठी गोष्ट आहे ती, पण राजाची संपत्ती नाही.

बाबांशी वाद घालू नका. कागद घ्या, पेन त्यांच्या हातात द्या आणि ही वजाबाकी त्यांनाच करू द्या. ज्या माणसाने आयुष्यभर गाड्यांची इंजिनं उघडून जोडली त्याला हिशेब कळतो. आत्तापर्यंत त्यांच्यासमोर फक्त एकच आकडा होता, एवढंच.

राजीनाम्याबद्दल माझं मत ठाम आहे: देऊ नका. एसटीत निवृत्ती ५८ ला, म्हणजे चार वर्षं. ग्रॅच्युइटी, पीएफ, पेन्शन पूर्ण होईल, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे रोज सकाळी डेपोत जाणारा माणूस गावाच्या डोळ्यांवर येत नाही. जमिनीचे पैसे आलेल्या घरांत मी बघितलंय की कामावर जाणं ज्याने थांबवलं, त्याच्याकडे पारावर बसायला वेळ झाला, आणि पारावर बसलेल्या पैसेवाल्या माणसाला रोज कोणीतरी नवा धंदा सुचवतं. हॉटेल, प्लॉटिंग, खडी क्रशर. रजा घ्या हवी तर. महिनाभर आईला घेऊन फिरून या, तो आनंद करायलाच हवा.

गुपित किती दिवस टिकेल हे तुमच्या गावावर आणि लॉटरी विभागाच्या रिवाजावर आहे. फोटो आणि मुलाखतीला नम्रपणे नाही म्हणा. २०२२ च्या ओणमला केरळच्या बंपरचं २५ कोटींचं पहिलं बक्षीस ज्यांना लागलं, त्यांनी पहिल्याच दिवसांत सगळ्यांसमोर आनंद सांगितला आणि आठवडा उलटायच्या आत दारात मदत मागणाऱ्यांची रीघ लागली. स्वतःच्या घरात राहता येईना, हे त्यांनीच नंतर जाहीरपणे सांगितलं. त्यातून धडा घेऊन केरळच्या लॉटरी विभागाने २०२३ मध्ये विजेत्यांसाठी पैशांच्या नियोजनाचं प्रशिक्षण सुरू केलं. आपल्याकडेही ते व्हायला हवं असं मला फार वाटतं. पैसे देणारं सरकारच आहे, दोन शब्द समजावून सांगायला काय हरकत आहे?

काका कळल्यावर येतील तेव्हा खोटं बोलू नका. "लागलंय, पण टॅक्सचा हिशेब सीएकडे आहे, रिटर्न भरून होईपर्यंत आम्ही एक रुपया हलवणार नाही" असं सांगा. हे खरंही आहे. सगळा दोष सीएवर ढकला, आम्हाला त्याची सवय असते.

पैसे कुठे ठेवायचे, तर पहिले सहा महिने जिथे काही होणार नाही तिथे. आपल्या भागात पतसंस्था एक-दोन टक्के जास्त देतात आणि चेअरमन ओळखीचे असतात. तिथे एक पैसा ठेवू नका. पतसंस्थेच्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षणच नाही. बँकेत ते आहे, पण एका बँकेत एका माणसाला ५ लाखांपर्यंतच, व्याज धरून. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदाराला सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते, आणि त्यात आयुष्यभराची पुंजी ठेवलेले लोक होते. तुमच्या रकमेला ५ लाखांचं संरक्षण म्हणजे काहीच नाही. म्हणून रक्कम स्टेट बँकेसारख्या मोठ्या बँकांमध्ये दोन-तीन ठिकाणी ठेवा, आणि मोठा भाग केंद्र सरकारच्या ट्रेझरी बिलांत, म्हणजे सरकारच्या कमी मुदतीच्या कर्जरोख्यांत. ९१, १८२ आणि ३६४ दिवसांची असतात. रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट या सुविधेतून २०२१ पासून कोणालाही थेट घेता येतात, मध्ये दलाल नाही. १८२ दिवसांचं बिल मला यासाठी आवडतं की मागायला आलेल्या माणसाला सांगता येतं, पैसे अडकलेत. मुदत संपेपर्यंत तुम्हीही त्यांना हात लावू नका.

मोठी रक्कम दिसताच बँकेतून फोन सुरू होतील. केबिनमध्ये बसवतील, कॉफी येईल आणि वर्षाला दहा-वीस लाख हप्त्याची पॉलिसी पुढे येईल, "मॅच्युरिटी टॅक्स फ्री" म्हणून. वर्षाला अडीच लाखांच्या वर हप्ता असलेल्या, १ फेब्रुवारी २०२१ पासून काढलेल्या युलिपला (बाजाराशी जोडलेल्या विमा पॉलिसीला) ती सूट नाही. १ एप्रिल २०२३ पासून काढलेल्या साध्या पॉलिसीला वर्षाचा हप्ता ५ लाखांच्या वर असेल तर नाही. सही करू नका. सल्ला हवा असेल तर सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाकडे, नोंदणी असलेला, फक्त फी घेणारा, कमिशन न घेणारा सल्लागार शोधा. सेबीच्या संकेतस्थळावर नाव तपासता येतं.

सहा महिन्यांनंतरची वाटणी तुमच्या घरच्या परिस्थितीवर आहे आणि ती मी इथून सांगणं बरोबर नाही. कर्ज किती, बाबांची तब्येत कशी, तुमची नोकरी पक्की आहे का, हे कळल्याशिवाय बोलणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं. माझी पद्धत एवढी सांगतो: सगळी महागडी कर्जं आधी फेडायची, सोनेतारण, क्रेडिट कार्ड, हातउसने, सगळं. मग चांगला आरोग्यविमा. मग पुढच्या सात-आठ वर्षांचा घरखर्च सरकारी रोखे आणि ठेवींत, बाबा साठ पूर्ण झाले की ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख. बाकीची रक्कम इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकाबरोबर चालणाऱ्या म्युच्युअल फंडात), पण एकदम नाही, दीड-दोन वर्षांत थोडी थोडी. शेअर बाजार पडला की झोप उडेल असं बाबांना वाटत असेल तर तो भाग कमी करा. झोपेची किंमत मी हिशेबात धरतो.

आता काका. कायद्याने त्यांचा या पैशावर काहीही हक्क नाही. वडिलोपार्जित जमिनीचे पैसे आले की भावांचा, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर बहिणींचाही, हिस्सा असतो. बाबांनी पगारातून घेतलेलं तिकीट हे त्यांचं स्वतःचं. पण भावांना द्यावंसं वाटणं ही वाईट गोष्ट नाही, आणि तुम्ही बाबांना त्यावरून कंजूषपणा शिकवू नये असं मला वाटतं. कदाचित याच भावांनी शेत सांभाळलं म्हणून तुमचे बाबा डेपोत नोकरी करू शकले. द्यावं, पण किती आणि कसं याला अर्थ आहे.

महामार्गाच्या पैशात एका घराने नऊ जणांना हातउसने दिले. दोन लाख, पाच लाख, एकाला अकरा. कागद नाही, कारण "आपल्यात कशाला कागद." एकही परत आलं नाही. पैसे गेल्याचं दुःख त्यांना कमीच होतं. ज्यांना दिले ते नऊ जण त्यांच्या घरी यायचे थांबले, कारण देणं असलेल्या दारात जाववत नाही. त्या घरच्या मुलीच्या लग्नात सख्खा मामा आला नाही. तेव्हापासून मी सांगतो: उसने म्हणून देऊ नका. जे द्यायचं ते दिलं म्हणून द्या, परत येणार नाही असं धरून द्या, आणि एकदाच द्या. रकमेऐवजी गरज भागवा. एका काकांचं सोसायटीचं आणि ट्रॅक्टरचं कर्ज असेल तर ते थेट बँकेत भरा. दुसऱ्यांच्या मुलीची फी असेल तर कॉलेजच्या नावाने चेक काढा. पन्नास लाखांचा चेक हातात दिला तर वर्षभरात पुन्हा तुम्हीच आठवाल, आणि कर्जमुक्त झालेला भाऊ पुन्हा मागायला सहसा येत नाही. आत्यालाही विसरू नका. प्रश्नात तिचा उल्लेखच नाही, असली तर तिचाही विचार भावांइतकाच करा. दोघांना दिलं आणि बहिणीला नाही, हे आमच्या भागातलं सगळ्यात जुनं दुखणं आहे.

देताना टॅक्सची बाजू बघा. सख्ख्या भाऊ-बहिणीला दिलेल्या पैशावर त्यांना कर लागत नाही, कितीही रक्कम असो. चुलतभाऊ, मामेभाऊ किंवा मित्र यांना वर्षात ५० हजारांच्या वर मिळालं तर ते त्यांचं करपात्र उत्पन्न होतं. पुतण्या-भाच्यांना बाबांनी दिलं तर चालतं, पण बाबांनी स्वतःच्या मामांना दिलं तर मामांना कर लागतो, कारण कायद्यातली नातेवाइकांची यादी घेणाऱ्याच्या बाजूने वाचायची असते आणि त्यात भाचा येत नाही. चेकने द्या, साध्या कागदावर बक्षीसपत्र करा. आणि आईच्या नावावर टाकून कर वाचवायचा विचार मनात असेल तर त्या पैशाचं व्याज बाबांच्याच उत्पन्नात धरलं जातं. उद्या तुमचं लग्न झालं आणि बाबांनी सुनेला दिले, तरी तसंच. तुम्हाला आणि सज्ञान बहिणीला दिलेल्या पैशाचं उत्पन्न मात्र तुमचंच.

म्हणून बहिणीच्या बाबतीत मी असं करेन की लग्नाचा खर्च बाबांच्या मूळ ऐपतीला शोभेल तेवढाच ठेवायचा आणि लग्नाआधी तिच्या एकटीच्या नावावर चांगली रक्कम लावायची. मांडवात २५ लाख घातले तर स्थळं बघायला येणाऱ्यांचा आकडा बदलतो. ते पैसे तिच्या खात्यावर असू द्या, तिच्या कुलपात.

बंगल्याचं एकच विचारतो: जमीन कोणाच्या नावावर आहे? सातबारा तिन्ही भावांचा सामाईक असेल तर त्यावर एक वीटही रचू नका. आधी जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ ची वाटणी करून फेरफार नोंदवा, मग पाया घ्या. सामाईक जमिनीवर एका भावाने बांधलेल्या आणि पुढे सगळ्यांनी कोर्टात नेलेल्या दोन घरांचे हिशेब माझ्याकडे आजही आहेत. नवी शेतजमीन घ्यायची तर महाराष्ट्रात घेणाऱ्याचं शेतकरी असणं लागतं, आणि घेण्याआधी वकिलाकडून मालकीच्या कागदांचा तीस वर्षांचा शोध घ्या. ग्रामीण शेतजमीन सोडून कुठलीही स्थावर ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीची असेल तर एक टक्का टीडीएस बाबांनी कापून भरायचा असतो, तो राहिला की नोटीस येते. शहरात राहणार असाल तर ८० लाखांचा बंगला गावाकडे कुलूप लावून उभा राहील. जुनं घर नीट करून घ्या, वर एक खोली चढवा. बाबांना गावात मान हवा असेल तर तो पंधरा लाखांतही मिळेल.

मृत्युपत्राचं बाबांना बोलायला जड जाईल, तुम्हीच काढा विषय. नॉमिनी लावला म्हणजे झालं असं सगळे समजतात. नॉमिनी हा मालक नसतो, सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीतही तेच सांगितलंय. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. आईला काय, तुम्हाला काय, बहिणीला काय, एका पानात लिहून होतं.

आणि तिकिटं घेणं थांबवायला सांगा. एकदा लागली की हात परत त्या स्टॉलकडे जातो. लॉटरी लागलेल्या माझ्या चार अशिलांपैकी दोघांचं मी हे पाहिलंय, एक जण तर रोज हजाराची घ्यायचा.

सोडतीची नेमकी तारीख, तिकिटावरची दाव्याची मुदत आणि बाबांच्या पगाराचा या वर्षीचा आकडा कळवा. नाव, गाव, तिकिटाचा क्रमांक इथे कुठेही लिहू नका. अॅडव्हान्स टॅक्सची रक्कम आणि शेवटची तारीख मी तुम्हाला काढून देतो. तोवर बाबांना राजीनामा खिशातच ठेवायला सांगा.